भौगोलिक कारणे लिहा

द्वितीय वर्षाच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी टेबलावर ४७ जी/९ हे टोपोशीट पसरलं. भारतीय सर्वेक्षण विभागाचं, एकास पन्नास हजार प्रमाणाचं, महाबळेश्वरचा परिसर दाखवणारं. घड्यांवर फाटलेलं आणि मागून कुणीतरी कधीकाळी कापडाची पट्टी चिकटवलेलं. चौदा डोकी त्यावर वाकली. पूर्वेकडे तपकिरी समोच्चरेषा जरा मोकळ्या आहेत. पश्चिमेला कड्यापाशी त्या एकमेकींच्या इतक्या अंगावर येतात की तो पट्टा तपकिरी रंगानं सारवल्यासारखा दिसतो. मुलं नुसती बघत राहिली. मग मागून एकानं विचारलं, "मॅडम, याचा साचा मिळतो का?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. साचा म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा तो प्लास्टिकचा नकाशा. कडेनं पेन्सिल फिरवली की भारत तयार. शाळेतल्या नऊ वर्षांत मीच बजावत आले होते, "उद्या येताना प्रत्येकानं साचा आणायचा, शेजारच्याचा मागायचा नाही." त्या मुलाला साच्याची सवय माझ्यासारख्याच कुणीतरी लावली होती.

शाळेत मी 'बाई' होते, कॉलेजात 'मॅडम' झाले. विषय तोच, भूगोल. निदान कागदावर तरी तोच.

माझी शाळा सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. भूगोलात एम.ए. झालेली तिथे मी एकटीच होते, आणि तरी पहिली दोन वर्षं मला इतिहास शिकवायला दिला होता. भूगोल शिकवत होते इतिहासाचे सर. हा विनोद महाराष्ट्रातल्या शाळांना नवीन नाही. दहावीला भूगोल चाळीस गुणांचा, इतिहास-राज्यशास्त्रही चाळीस गुणांचं. दोन्ही मिळून सामाजिक शास्त्रे. बोर्डाची परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांना ज्यादा तास लागतात, आणि ते कुणाचे घ्यायचे हे विचारायची कधी वेळ येत नाही.

तिसऱ्या वर्षी भूगोल माझ्याकडे आला आणि लवकरच माझं नाव झालं ते 'कारणांच्या वही'साठी. प्रश्नपत्रिकेत एक ठरलेला प्रश्न असतो: भौगोलिक कारणे लिहा. त्यासाठी मी एक पद्धत बसवली होती. तीन गुणांना तीन मुद्दे. प्रत्येक मुद्दा एका ओळीचा. शेवटी 'म्हणून' लिहायचं आणि प्रश्नातलं विधान जसंच्या तसं पुन्हा उतरवायचं. ते 'म्हणून' नसेल तर मी अर्धा गुण कापायचे. माझ्या वहीच्या झेरॉक्स शेजारच्या गावच्या शाळेतही फिरत होत्या आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही थोडा आहे. त्या वहीवर पास झालेली मुलं आज एस.टी.त, पोलिसात, दुकानात भेटतात आणि म्हणतात, "बाई, भूगोलात तुमच्यामुळे निघालो."

पण त्याच वर्षांतली दोन मुलं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

एक मुलगा आटपाडीच्या बाजूनं येणारा. त्या पट्ट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यासाठी विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन राहिली आहेत. नकाशाभरणाच्या प्रश्नात याला विचारलं होतं चिल्का सरोवर, नीलगिरी, आणखी कायकाय. त्यानं ते सोडून दिलं आणि नकाशात कोइम्बतूर, पाटणा, गुवाहाटी अशी सात-आठ ठिकाणं टिंबांनी दाखवली. जागा जवळजवळ अचूक. घरातलं कोण कुठे आहे तेवढं त्याला ठाऊक होतं. मी शून्य दिला. विचारलेलं लिहिलं नव्हतं, त्यामुळे शून्य बरोबरच होता. फक्त त्याच महिन्यात मी त्या वर्गाला 'लोकसंख्येचे स्थलांतर' हा धडा शिकवला आणि उदाहरण दिलं ते बिहारमधून पंजाबात जाणाऱ्या मजुरांचं.

दुसरी एक मुलगी. तिचा मामा वाईजवळ राहायचा. नववीच्या चाचणीत प्रश्न होता: नदीच्या वरच्या टप्प्यात अरुंद व खोल दऱ्या आढळतात, कारण लिहा. तिनं माझ्या वहीतले तीन मुद्दे लिहिले. उतार तीव्र, वेग जास्त, तळाची झीज जास्त. मग म्हणून, व्ही आकाराची दरी. आणि खाली एक ओळ जास्तीची: 'पण कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि वाईला ती रुंद दरीतून वाहते व वाई तर जवळच आहे.' मी त्या ओळीवर लाल रेघ मारली. 'विषयाला धरून लिही' असा शेरा दिला आणि अर्धा गुण कापला. मी स्वतः वाईवरून दहा वेळा गेले होते. पसरणीच्या घाटातून खाली बघितलं की भातखाचरं, ऊस, मध्ये ती सावकाश वळणं घेणारी कृष्णा, हे सगळं मी गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं होतं. ते पाहिलेलं आणि वहीतलं एकमेकांसमोर आणायचं मला सुचलं नाही.

सेट झाले, मुलाखती झाल्या, काही वर्षं तासिका तत्त्वावर धावपळ केली आणि मग घाटाच्या पायथ्याच्या एका कॉलेजात लागले. त्या काळातले हाल सांगण्यासारखे आहेत, पण ते भूगोलाचे नव्हेत.

पहिल्या सहामाहीत आमचे विभागप्रमुख एकदा माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. तास झाल्यावर चहा घेताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही छान शिकवता. पण उत्तर फार लवकर सांगता." मला राग आला. उत्तर सांगणं हेच तर शिकवणं, असं नऊ वर्षं धरून चालले होते. सर वयानं मोठे, बोलायला मऊ; त्यांनी पुढे एवढंच सांगितलं, "मान्सून घ्या तुम्ही पुढच्या आठवड्यात. मग बघा."

मान्सून मी डोळे मिटून शिकवायचे. उन्हाळ्यात जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा. जमिनीवर कमी दाब, समुद्रावर जास्त दाब. वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, बाष्प आणतात. म्हणून भारतात पाऊस पडतो. शाळेत हे सांगून मी फळा पुसायचे. एकदा, फार वर्षांपूर्वी, सातवीतल्या एका पोरानं विचारलं होतं, "बाई, मग सगळ्यात जास्त तापतं ते राजस्थान. तिथं सगळ्यात जास्त पाऊस पाहिजे ना?" मी त्याला म्हटलं होतं की अरवली पर्वत वाऱ्यांना समांतर आहे, म्हणून. ते चूक नव्हतं. पण त्याचा प्रश्न वेगळा होता. तो म्हणत होता की तुमचं यंत्रच नीट चालत नाही.

आता तास घेण्यासाठी पुन्हा पुस्तकं काढली तेव्हा कळलं की त्या पोराचीच शंका मोठमोठ्यांना आली होती. जमीन आणि पाणी यांच्या तापण्यातला फरक हे स्पष्टीकरण एडमंड हॅलेनं मांडलं ते १६८६ साली. म्हणजे मी फळ्यावर लिहीत होते ती ओळ सव्वातीनशे वर्षांपूर्वीची. ती अर्धवट का आहे हे आपल्या अंगणात उभं राहूनही कळतं. माणमध्ये सगळ्यात जास्त तापतं एप्रिल-मेमध्ये. पाऊस येतो तेव्हा हवा गार व्हायला लागलेली असते. नुसत्या तापण्यानंच पाऊस ओढून आणायचा तर तो मेच्या मध्यावरच धो धो यायला हवा. येतो तो वळीव. विजा, धूळ, गारा, आणि पुन्हा ऊन. मग पुढची गोष्ट सुरू होते: सूर्याबरोबर उत्तरेकडे सरकणारा विषुववृत्तीय कमी दाबाचा पट्टा, तिबेटच्या पठाराचं तापणं, हिमालयाच्या दक्षिणेचा पश्चिमी जेट प्रवाह उत्तरेला सरकणं, आणि वर पंधरा-एक किलोमीटरवर वाहणारा पूर्वेकडून येणारा जेट, ज्याचा छडा पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये लावला. शिवाय प्रशांत महासागर, जिथला दाब आणि आपला पाऊस यांचा संबंध भारतीय वेधशाळांचे प्रमुख असताना गिल्बर्ट वॉकर यांनी आकड्यांतून शोधला. हे सगळं मांडून झाल्यावरही शेवटी 'म्हणून' लावता येत नाही. यंदा पाऊस कधी, किती, हे अजून सांगायचं राहतंच.

हा तास मी दोन दिवस घेतला आणि दोन्ही दिवस घसरले. मुलं वही उघडून बसलेली, पेन टेकवून, 'म्हणून'ची वाट बघत. एक मुलगी शेवटी कळवळून म्हणाली, "मॅडम, यातलं नक्की कारण कोणतं?" तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. तो माझ्या वहीचा आवाज होता.

बोर्डाचा भूगोल विचारतो 'कारण लिहा' आणि कारण आधीच ठरलेलं असतं. विद्यापीठातला भूगोल विचारतो 'हे कारण आहे कशावरून?' मधल्या अकरावी-बारावीत हा बदल कुणी सांगत नाही. मुलं समजतात की अवघड शब्द वाढले, जर्नल आलं, व्हायवा आली, इतकंच. त्यांनी भूगोल घेतलेलाही असतो तो सोपा म्हणून, एमपीएससीला होतो म्हणून, प्रॅक्टिकलला मार्क पडतात म्हणून. यात त्यांचा काय दोष? दहा वर्षं त्यांना भूगोल म्हणजे पाठ करून नकाशात बसवायची माहिती असंच दाखवलेलं असतं.

दुसऱ्या वर्षी मी जरा धीट झाले. हवामानाच्या प्रॅक्टिकलला पर्जन्यालेख काढायचे असतात. पुस्तकात मुंबई, चेन्नई, दिल्ली असतात. मी महाबळेश्वर आणि दहिवडीचे आकडे दिले. दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस; दहिवडीला पाचशेच्या आतबाहेर. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे उंच आणि बुटके स्तंभ काढताना कुणाला काही वाटलं नाही. पण काढून झाल्यावर एक मुलगा कागद फिरवून फिरवून बघायला लागला. "मॅडम, आकडे चुकले का? महाबळेश्वरचा जुलै सगळ्यात उंच आहे. दहिवडीचा सप्टेंबर उंच आलाय."

आकडे चुकले नव्हते. त्याच्या शेजारी माणकडून आलेली एक मुलगी बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "हस्ताचा पाऊस आहे तो. आमच्याकडं शाळू त्याच्यावरच पेरतात."

वर्ग थांबला. सह्याद्रीची छाया जून-जुलैत पडते, कारण तेव्हा वारे पश्चिमेकडून येतात. पुढे वाऱ्यांचा जोर ओसरतो, मान्सून परतीला लागतो, गडगडाटी ढग जागच्या जागी तयार व्हायला लागतात, तेव्हा त्या छायेचा धाक उरत नाही. दुष्काळी पट्ट्याचं वर्षाचं भागतं ते उत्तरा-हस्ताच्या पावसावर, आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. हे सगळं त्या मुलीला आजीकडून माहीत होतं. तिला माहीत नव्हतं ते हे की यालाच भूगोल म्हणतात. मी तिच्याच तालुक्यात वर्षानुवर्षं 'नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पाऊस पडतो' असं लिहून घेत होते. नक्षत्रांचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

भाषेचा घोळ हा असाच. शाळेच्या पुस्तकात 'विदारण', 'विस्तृत झीज', 'समोच्चरेषा'. कॉलेजात संदर्भपुस्तकं इंग्रजी, बाजारातली गाइडं मराठी, त्यातल्या काही गाइडांचं मराठी हिंदीवरून उचललेलं. मग विदारणाचं अपक्षय होतं, कुठे नुसतं वेदरिंग. मुलं तिन्ही शब्द वेगवेगळ्या गोष्टी समजून पाठ करतात. व्हायवाला एका मुलाला विचारलं, "विदारण आणि वेदरिंग यात फरक काय?" त्यानं चार मुद्दे सांगितले. मी खरं म्हणजे गंमत करत होते, पण त्याचे चारही मुद्दे ऐकून गंमत गेली. त्याच्या गावी विहिरींची कामं चालायची, वडील त्यातच होते. त्याला म्हटलं, विहीर खणताना वरून खाली काय काय लागतं ते सांग. तो एकदम मोकळा झाला. आधी माती, मग मुरूम, मुरमात गोल गोल दगड, कांद्यासारखे पापुद्रे निघणारे, मग काळा पाषाण, तिथं सुरुंग. मी म्हटलं, मुरूम म्हणजे कोण? तो गप्प. काळा पाषाणच कुजून मुरूम होतो, मुरूम कुजून माती. विदारण तेच. तो माझ्याकडे बघून हसला. आतापर्यंत आपल्याला कुणीतरी फसवत होतं असं त्या हसण्यात होतं.

आकडेमोडीचं मात्र असं काही गोड सांगता येत नाही. तिथली दरी खरीच खोल आहे. कला शाखेला येणाऱ्या बहुतेकांनी गणिताला दहावीनंतर हात लावलेला नसतो, आणि इथे प्रमाण विचलन, सहसंबंध, निकटतम शेजारी निर्देशांक. हे शेवटचं सूत्र क्लार्क आणि इव्हान्स या दोघांनी १९५४ मध्ये काढलं ते झाडाझुडपांमधली अंतरं मोजायला. भूगोलानं ते गावांसाठी घेतलं. टोपोशीटवर प्रत्येक गावापासून सगळ्यात जवळच्या गावाचं अंतर पट्टीनं मोजायचं, सरासरी काढायची, सूत्रात घालायची. उत्तर शून्याकडे गेलं तर गावं एकत्र गोळा झालेली, एकच्या आसपास तर कशीही विखुरलेली, २.१५ कडे गेलं तर सगळीकडे सारख्या अंतरावर. मुलं वर्गमुळाला अडतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढतात आणि उत्तर १४.७ येतं. मग मी विचारते, "जास्तीत जास्त किती येऊ शकतं म्हटलं होतं?" शांतता. आठ दशांश स्थळांपर्यंत लिहिलेलं ते १४.७ तसंच जर्नलमध्ये जातं, वर माझी सही घ्यायला. या एका गोष्टीत मी पुन्हा शाळेतली बाई होते आणि ओरडते.

तरी, माझ्या आताच्या सहकाऱ्यांसारखं "शाळेत शिकवतात तरी काय?" असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मीच शिकवत होते. आणि शाळेनं दिलेलं अगदीच टाकाऊ नाही, हेही इथेच कळलं. क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरवर झकास रंगीत नकाशे करणारी मुलं आहेत, बफर काढतात, उपग्रहाचं चित्र ताणून बसवतात. पण नकाशाला सूची नाही, दिशा नाही, प्रमाण नाही. साताऱ्याचा नकाशा काढून झाल्यावर एकीला विचारलं, नीरा कुठल्या बाजूला? तिनं पडद्यावर शोधायला सुरुवात केली. नीरा जिल्ह्याची उत्तर हद्द आहे, हे साच्यानं नद्या काढणाऱ्या माझ्या नववीतल्या पोरांना झोपेत सांगता आलं असतं. 'कुठे' पक्कं नसेल तर 'का'चा प्रश्न टांगायला खुंटीच नसते. आमच्याकडे आम्ही 'कुठे'ला हलकं समजतो, आणि मग एम.ए.च्या मौखिकीत वैतरणा विदर्भात जाते.

मधे एक वेगळीच तुकडी आली. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर शेवटचा होता. टाळेबंदीच्या तोंडावर तो आधी पुढे गेला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवर गुण दिले गेले. महाराष्ट्रातली ती अख्खी तुकडी भूगोलाचा पेपर न देता दहावी झाली. त्यातले काही २०२२ मध्ये आमच्याकडे प्रथम वर्षाला आले. आम्हाला वाटलं, पाया कच्चा असणार. इतर तुकड्यांपेक्षा तसा काही फार कच्चा निघाला नाही. चाळीस गुणांच्या त्या पेपरसाठी आम्ही किती जीव टाकत होतो याचा तेव्हा थोडा विचार केला आणि पुन्हा केला नाही.

तृतीय वर्षाची सहल, म्हणजे कागदावर 'क्षेत्र अभ्यास', यंदा जवळचीच ठेवली. पैसे कमी, एस.टी.चा करार, डबे घरून. गंमत अशी की दहावीच्या नव्या पुस्तकात पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे. पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं आणि सुरुवात क्षेत्रभेटीनं होते. धडा वाचून दाखवून क्षेत्रभेट पूर्ण करणाऱ्या शाळा मला माहीत आहेत. माझी एक होती.

जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखापाशी मुलं हात धुऊन आली. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री, पाचही इथून निघतात असं मानतात. तिथून आर्थर सीटला गेलो. नोव्हेंबर, धुकं उठून गेलेलं. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की एका हाताला सावित्रीचं खोरं, सरळ कोकणात कोसळलेलं, खालची घरं काडेपेट्यांएवढी. दुसऱ्या हाताला जोरचं खोरं, कृष्णेचं, त्यामानानं उथळ, झाडीनं भरलेलं, वाईकडे सावकाश उघडत गेलेलं. मी टोपोशीट दगडावर ठेवलं आणि चार कोपऱ्यांवर चार मुलं बसवली.

"सावित्री तरुण का कृष्णा तरुण?"

पुस्तकी उत्तर लगेच आलं. सावित्री. तीव्र उतार, खोल दरी, युवावस्था. विल्यम मॉरिस डेव्हिसनं १८९९ मध्ये नदीला माणसासारखं वय दिलं, तेव्हापासून जगभरची मुलं हे उत्तर देत आली आहेत.

"बरं. मग दोघी एकाच जागी निघतात असं आत्ताच पाहून आलात ना? एक तरुण आणि एक म्हातारी कशी?"

आता माझं 'लवकर उत्तर सांगणं' मी गिळून टाकलं. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग एकजण म्हणाला, सावित्रीला समुद्र जवळ आहे. बाणकोटच्या खाडीपर्यंत सगळी उंची एवढ्याशा अंतरात उतरायची, म्हणून उतार. कृष्णेला बंगालच्या उपसागरापर्यंत चौदाशे किलोमीटर जायचं, तिला घाई नाही. दुसरी म्हणाली, मग कृष्णा इथंच सुरू झाली कशावरून? हा कडा मागे मागे सरकत आला असेल, पूर्वी पश्चिमेला आणखी डोंगर असेल, कृष्णेचं डोकं कोकणातल्या नद्यांनी खाल्लं असेल. तिला माहीत नव्हतं की सह्याद्रीच्या कड्याबद्दल भूरूपशास्त्रात हा युक्तिवाद खरोखर होत आला आहे. तिसऱ्याला ते पटलं नाही. त्याला वाटत होतं की बेसॉल्टचे आडवे थर पायऱ्या-पायऱ्यांनी बाजूला झिजत जातात आणि दरी रुंद करतात. तिघं हमरीतुमरीवर आले. टोपोशीटच्या एका कोपऱ्यावरचा मुलगा उठला आणि ते फडफडायला लागलं.

मला ती नववीतली वही आठवत होती. लाल रेघेखालची ओळ अक्षरन् अक्षर. अर्धा गुण.

चौथा कोपरा सांभाळणारा, तो साचा मागणारा, भांडणाला कंटाळून कड्याशी गेला. मी ओरडायच्या आत त्यानं रिकाम्या बाटलीचं झाकण खाली भिरकावलं. झाकण जरा खाली गेलं, थबकल्यासारखं झालं आणि वाऱ्याबरोबर वर येऊन आमच्या मागे गवतात पडलं. आर्थर सीटला हा खेळ सगळेच खेळतात, पण त्याला तो माहीत नव्हता. त्यानं झाकण उचललं आणि पुन्हा टाकलं. पुन्हा वर.

"भौगोलिक कारणे लिहा," कुणीतरी माझ्या आवाजाची नक्कल करत म्हणालं, आणि सगळे हसले. मीसुद्धा.

"वारा कड्याला आपटून वर येतो," एकजण.

"मग जुलैत पाऊसपण असाच वर येत असणार," माणची ती मुलगी म्हणाली.

"मग आत्ता का नाही पडत? वारा तर आत्तापण वर येतोय."

कुणीच काही बोललं नाही. त्यानं झाकण तिसऱ्यांदा टाकलं. ते वर आलंच नाही. सगळे कड्यावरून वाकून बघायला लागले आणि मी एकेकाचं दप्तर धरून त्यांना मागे ओढू लागले.